दळणेतर चक्की

१२ जानेवारी

समोरच्या इमारतीचा सातवा मजला झाला आणि आमच्या छपरावरचं ऊन संपलं. दुपारी पाहुण्यासारखं घटकाभर टेकतं आणि निघून जातं. छपरावर पॅनल बसवायचा बेत रद्द.

ह्यांचं रात्रीचं यंत्र विजेवर चालतं. झोपेत ह्यांचा श्वास अडकतो. यंत्र नाकावरच्या मुखवट्यातून हवा आत ढकलत राहतं. टेकडीवर वीजवाहिनी आमच्या दोन घरांपाशी येऊन संपते, त्यामुळे वीज जाते तेव्हा आमची सगळ्यांच्या आधी जाते आणि येते तेव्हा सगळ्यांच्या शेवटी. यंत्राची बॅटरी अर्धी रात्रही पुरत नाही. मोठी बॅटरी घ्यावी, तर ती भरायला पुन्हा वीजच हवी, आणि हिवाळ्यात तारा तुटल्या की दोन-दोन दिवस कुणी फिरकत नाही.

मात्र त्या इमारतीने ऊन घेतलं तसा वारा दिला. आज दोरीवरची चादर अंगणात सरळ आडवी झाली. भौतिकशास्त्र सोडून चार दशकं झाली, तरी अडवलेलं पाणी फटीतून जोरात जातं आणि वाऱ्याचंही तेच, एवढं लक्षात आहे. फट म्हणजे आमचं अंगण.

घरगुती पवनचक्की. विचार करण्यासारखं आहे.

१४ जानेवारी

मुलीला फोन केला. म्हणाली, "आई, आता या वयात चक्की?" म्हटलं, "वय माझं झालंय, चक्की नवीनच असणार."

फोन बदलायला हवा. डाव्या कानाला लावला की आवाज अगदी बारीक येतो, उजव्या कानाला ठीक येतो. हल्लीच्या वस्तूंत दम नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आमचे हेडफोन वीस-वीस वर्षं चालायचे.

१९ जानेवारी

एका लांब काठीला खालपासून वरपर्यंत रिबिनी बांधल्या आणि काठी अंगणात ठिकठिकाणी उभी करून पाहिली. फार मजा आली. खालच्या रिबिनी प्यायल्यासारख्या वाटेल तिकडे फिरत होत्या. कौलांच्या वरची रिबीन मात्र एका दिशेला ताठ. म्हणजे खालचा वारा वेडा, वरचा शहाणा. चक्की शहाण्या वाऱ्यात हवी. वेड्या वाऱ्यात पाती नुसती भांबावतात.

सगळ्यांत ताठ रिबीन कुठे, तर पूर्वेच्या कुंपणाजवळच्या कोपऱ्यात.

हे खुर्ची टाकून बघत बसले होते. म्हणाले, "शेजारचे म्हणतील, बाईंनी निशाण लावलं."

"शेजारचे म्हणजे एकट्या जाऊबाई," मी म्हटलं. "आणि त्या काही म्हणत नाहीत."

२३ जानेवारी

नगरपालिका, बांधकाम विभाग. खिडकीपलीकडचा कारकून तिशीचा, चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. अर्ज वाचून म्हणाला, "मॅडम, निवासी विभागात चक्की चालत नाही."

"ही पवनचक्की आहे."

"चक्कीच ना? चक्की, गिरणी आणि भट्टी, तिन्हींना मनाई आहे. पीठ उडतं, आवाज होतो. परिशिष्ट तीन बघा."

"पीठ कशाने उडेल? ही काही दळत नाही."

"तसं अर्जात लिहावं लागेल. इथे रकाना आहे बघा, दळणाचा प्रकार."

मी लिहिलं: वारा.

त्याने तो शब्द बराच वेळ पाहिला. "कोरडं दळण की ओलं?"

"सध्या कोरडं. पावसाळ्यात ओलं."

मागच्या टेबलावरची बाई हसून हसून खाली वाकली. तो नाही हसला. उठून कपाटातून नियमावलीची जाड प्रत काढली आणि मला दिली. "तुम्ही वाचा, मीही वाचतो. यात कुठेतरी तुमची जागा असेल." आणि शेवटी पुन्हा, "परिशिष्टं सोडू नका हं, मॅडम."

माणूस वाईट नाही. मी त्याचं नाव 'परिशिष्ट' ठेवलं आहे.

२८ जानेवारी

नियमावली वाचून काढली. वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी रंजक. कुणी किती उंच कुंपण घालावं, कोंबड्या खिडकीपासून किती दूर असाव्यात. प्रत्येक नियमामागे कुणाचं तरी भांडण असणार. कोंबड्यांचं भांडण कुणाचं झालं असेल याचा मी जेवतानाही विचार करत होते.

माझी जागा सापडली. प्रकरण नऊ, 'उंच एकाकी खांब'. झेंड्याचे, अँटेनाचे, दिव्याचे, आणि शेवटी 'व तत्सम'. आम्ही तत्सम. छपरावर किंवा दोन घरांच्या सामाईक भिंतीवर काही बसवता येणार नाही, हादरे बसतात. खांब जमिनीवरच हवा. आणि मुख्य अट: खांब कोणत्याही बाजूला आडवा झाला तरी तो अर्जदाराच्याच हद्दीत पडला पाहिजे.

नियम मला फार आवडला. पडायचं तर आपल्याच अंगणात. आयुष्यभर माझंही हेच धोरण आहे.

२९ जानेवारी

दोरी घेऊन मोजलं. तीन बाजूंना ठीक. पूर्वेला पडला तर जवळजवळ सगळा खांब जाऊबाईंच्या अंगणात.

नियमाला पुढे शेपूट आहे. अशा वेळी शेजाऱ्याची लेखी संमती लागते.

३१ जानेवारी

विक्रेत्याने शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत बसवलेली चक्की दाखवायला नेलं. पाती जेमतेम माझ्या हाताएवढी, पण काय डौलात फिरते! खांबाखाली पाच मिनिटं कान देऊन उभी राहिले. आवाज शून्य. माझं आयुष्य कानावर गेलं. तारेतली खरखर ऐकून मी सांगायची कुठल्या गावाच्या बाजूला पाऊस आहे. माझा शब्द प्रमाण मानायला हरकत नाही.

हे म्हणाले, "थोडी गुणगुण आहे की." ह्यांना गुणगुण सगळीकडेच ऐकू येते. परवा म्हणे कुकरची शिट्टी वाजली. मी स्वयंपाकघरातच होते!

२ फेब्रुवारी

चहा पिताना हे काहीतरी पुटपुटले. "मोठ्याने बोला," म्हटलं. हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात.

"वाहिनीचा काही विचार केलास का?"

"केला आहे. वीजवाहिनीपासून खांब नियमापेक्षा दुप्पट लांब राहतो. परिशिष्ट पाच."

"ती नाही गं."

"मग टेलिफोनची? ती तर केव्हाच काढून नेली."

हे माझ्याकडे बघून हसले, चपला घातल्या आणि फिरायला निघून गेले. बाहेर भुरभुर पाऊस होता. तासाभराने परत आले ते कोरडे ठणठणीत. पाऊस नेमका ह्यांना चुकवून पडतो. सदऱ्याचं तुटलेलं बटणही लावलेलं दिसलं, हिरव्या दोऱ्याने. पांढऱ्या सदऱ्याला हिरवा दोरा! स्वतः लावलं असणार. कौतुक केलं नाही. पुढच्या वेळी दोराही बरोबर घेतील.

५ फेब्रुवारी

जाऊबाईंबद्दल लिहून ठेवते, म्हणजे डोकं मोकळं होईल.

घर मूळचं एकच. दोन भावांत वाटणी झाली तेव्हा मधे भिंत आली. आमची झोपायची खोली आणि त्यांची, मधे तेवढी एक विटेची भिंत. आमच्यात भांडण नाही, फक्त बोलणं नाही.

थोरले भाऊजी गेले तेव्हा सगळं मी केलं. डॉक्टरांचा दाखला, पेन्शन, बँक. जाऊबाई नुसत्या बसून होत्या. आठवड्याच्या आत त्यांच्या कपाटातले भाऊजींचे सगळे कपडे काढले, घड्या घातल्या आणि वृद्धाश्रमात पोचते केले. रोज कपाट उघडलं की त्रास, तो वाचला. एक हातरुमाल मागे ठेवला नाही. तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतंही बोलत नाहीत. चार वर्षं होतील. माणसाने मदत करावी तरी कशी?

संमती मागायला मी जाणार नाही. दुसरा मार्ग काढेन.

११ फेब्रुवारी

खांब बुटका केला तर? रिबिनींनी उत्तर दिलं: वेडा वारा.

खांब पश्चिमेला सरकवला तर? इमारतीचा आडोसा. रिबिनी मान खाली घालून उभ्या.

१३ फेब्रुवारी

खाली बिजागरी बसवलेला खांब मिळतो. दोरखंडाने बांधला की तो फक्त पश्चिमेलाच आडवा होतो. चित्र काढून परिशिष्टकडे घेऊन गेले.

चित्र पाहून तो खरोखर खूश झाला. "छान आहे, मॅडम. पण दोरखंड तुटला तर?"

"तुटणार नाही."

"खांबही पडणार नाही असंच आपण म्हणतो. नियम तर पडला तर काय, याचा आहे." मग हळूच, "शेजारी फारच कडक आहेत का?"

"सख्ख्या जाऊबाई आहेत."

"अच्छा," तो म्हणाला. "मग त्याला परिशिष्ट नाही."

चक्कीचं मात्र त्याने मनावर घेतलंय. वरच्या साहेबांपुढे टिपण ठेवलं आहे. म्हणे, शब्दकोश जोडलाय.

२० फेब्रुवारी

काल संध्याकाळपासून वादळी वारा, वीज गेलेली. आज दुपारी आली.

रात्री यंत्राची बॅटरी संपली. मला सकाळी कळलं. उठले तर हे पलंगावर उशांना टेकून बसलेले, चेहरा राखेसारखा. "मला उठवायचं नाही का?" म्हणून ओरडले.

"हाक मारली दोनदा. गाढ झोपली होतीस."

मी आणि गाढ? रात्रपाळीत दिवा लुकलुकला तरी मला जाग यायची.

"मग तुम्हाला कशाने जाग आली?"

"भिंतीवर कुणीतरी ठोकलं. खूप वेळ ठोकत होतं."

वाऱ्याने मागचा पाइप आपटत असणार. प्लंबरला बोलावून पाहिलं; म्हणतो, पाइप घट्ट आहे. प्लंबर काय, काहीही सांगतात.

डॉक्टर म्हणाले, असं वारंवार होता कामा नये. हे मान डोलावत होते, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललंय. ह्यांचा हात माझ्या हातात होता, तो गार लागला.

पाइपाचे मात्र उपकार मानले पाहिजेत.

२१ फेब्रुवारी

उद्या जाते.

२२ फेब्रुवारी

गेले. दार उघडं होतं. जाऊबाई खिडकीशी शिवणयंत्रावर बसल्या होत्या. केस बरेच पांढरे झालेत. अंगणापलीकडून दिसत नव्हतं.

मी उभ्यानेच सांगितलं. ऊन, इमारत, शहाणा वारा, वेडा वारा, प्रकरण नऊ. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "बस तरी."

बसले. खुर्चीच्या पाठीवर भाऊजींचा तपकिरी स्वेटर होता. तेव्हा माझ्या नजरेतून सुटला असणार. धुवायला टाकलेला असेल. अजून चांगला आहे, कुणाच्या तरी अंगावर गेला असता. पण राहिला ते बरं झालं, असं का कोण जाणे वाटलं.

त्यांनी संमतीपत्र चष्मा लावून मोठ्याने वाचलं. "'सदर खांब माझ्या हद्दीत पडल्यास माझी काहीही हरकत असणार नाही.' हे तू लिहिलंस?"

"नगरपालिकेने."

"तरीच. तुझ्या हातून 'पडल्यास' उतरलं नसतं."

मी पेन पुढे केलं. काम आपलं होतं.

"आवाज करते का गं ती?"

"मुळीच नाही. मी स्वतः खाली उभी राहून ऐकलंय."

"तू ऐकलंस," त्या म्हणाल्या. मग सुई ठेवून, "थोडा केला तर बरं. त्याच्या यंत्राची घरघर भिंतीतून येते. ती थांबली की मला जाग येते. पुन्हा सुरू होईपर्यंत काही सुचत नाही."

त्यांची झोप फार हलकी झालेली दिसते. मी स्पष्ट सांगितलं, "हे बरोबर नाही. डॉक्टरांना दाखवा."

"दाखवते. तूही चल. कानाच्या डॉक्टरकडे."

"झोपेचा आणि कानाचा काय संबंध?"

"सोबत म्हणून चल गं."

सही केली. कागद माझ्या हातात देताना म्हणाल्या, "पडायचं झालं तर माझ्याकडेच पड म्हणावं. तुझ्याकडे सगळी फरशी केलीयस. इथे माती आहे, कमी लागेल."

"खांबाला लागत नाही," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

दारापर्यंत आले आणि काय झालं कोण जाणे, पटकन चप्पल सापडेना. डोळ्यांत वारा गेला असावा. त्या घराच्या खिडक्यांतूनही वारा फार येतो.

शिवणयंत्रावर हिरव्या दोऱ्याचं रीळ होतं. तो रंग हल्ली बराच चाललेला दिसतो.

१० मार्च

परवाना आला. परिशिष्टने खिडकीतून हात बाहेर काढून दोन्ही हातांनी दिला. वरच्या साहेबांनी 'चक्की' शब्द काही केल्या सोडला नाही, म्हणून ह्याने मधला मार्ग काढला. परवान्यावर छापलंय: 'दळणेतर चक्की, घरगुती, एक.'

"नियमावलीत नवीन नोंद झाली, मॅडम," तो म्हणाला. "परिशिष्ट तीन, तळटीप. आता इथून पुढे कुणालाही लावता येईल." या वेळी मात्र तो हसला. दात छान आहेत त्याचे.

घरी हे परवाना वाचून इतके हसले की ह्यांना धाप लागेल अशी भीती वाटली. मग म्हणाले, "वहिनीला दाखवून येतो," आणि सरळ शेजारी गेले. फिरायला जातो वगैरे काही न सांगता.

वहिनी! हातातली किसणी तशीच राहिली. गेल्या महिन्यात मी कुठल्या वाहिनीचं परिशिष्ट सांगत बसले होते? ह्यांनी उच्चार जरा स्वच्छ करायला हवेत.

२६ मार्च

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो, दोघी. जाऊबाईंचे कान उत्तम आहेत. त्यांची तपासणी पाच मिनिटांत आटोपली. माझी बरीच चालली. डॉक्टर तरुण आहे, फार हळू बोलतो. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय, मला. तपासणीची यंत्रं नवी आहेत, त्यांनाही सवय व्हावी लागते.

येताना जाऊबाई माझ्या उजव्या बाजूने चालत होत्या. जाताना डाव्या बाजूने होत्या.

१७ एप्रिल

खांब उभा राहिला. पूर्वेच्या कोपऱ्यात, कुंपणापासून हातभर. फिटरने ब्रेक काढला, पाती क्षणभर थबकली, वारा कुठून येतोय ते पाहिल्यासारखी वळली आणि फिरायला लागली. मी टाळी वाजवली. बऱ्याच वर्षांत वाजवली नव्हती. हात चुकल्यासारखे झाले.

जाऊबाई कुंपणापलीकडे वर बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "सरळ आहे का गं खांब? मला माझ्याकडे झुकलेला वाटतो."

पाणसळ लावून पाहिली. अगदी सरळ आहे.

२ मे

परवा तारा तुटल्या, आज जोडल्या. दोन्ही रात्री ह्यांचं यंत्र चक्कीवर चाललं. हे शांत झोपले, चेहऱ्यावर रंग आहे.

काल दिवे नव्हते म्हणून अंधार पडल्यावर बाहेर आले. पाती दिसेनात, आणि आवाज तर ती करतच नाही. फिरते आहे की थांबली आहे, काही कळेना. कुंपणाशी गेले.

"जाऊबाई, चालू आहे का?"

"चालू आहे." त्या पलीकडे पायरीवरच बसल्या होत्या.

"नक्की?"

"अगं, इथवर गुणगुण येतेय. जा, नीज तू. मी आहे."

वारा आमच्याकडून त्यांच्याकडे वाहतो, त्यामुळे आवाज तिकडे जास्त जात असणार. साधं भौतिकशास्त्र आहे.

३ मे

आज वारा उलटा होता, त्यांच्याकडून आमच्याकडे. तरी विचारलं.